1297 साली व्हेनिसने दार लावून घेतलं आणि उतरण तिथूनच सुरू झाली

हिशेबनीस

ऑगस्ट 1073 मधला एक करारनामा आजही वाचायला मिळतो. व्हेनिसच्या रिआल्तो भागात जोव्हान्नी लिस्सादो नावाच्या माणसाने सेवास्तो ओरेफिचेकडून 200 लिरा घेतल्या, पदरच्या 100 घातल्या आणि एका जहाजात दोन हिस्से घेऊन ग्रीसमधल्या थेबेसला जायचं ठरवलं. नफा झाला तर निम्मा-निम्मा. समुद्राने किंवा माणसांनी सगळं बुडवलं तर कुणी कुणाकडे काही मागायचं नाही.

या भागीदारीला कोलेगान्झा म्हणत. पुढे तिचं आणखी एक रूप रुळलं. घरी बसणारा सगळं भांडवल देई, फिरणारा फक्त कष्ट आणि जीव पणाला लावी, आणि नफ्याचा चौथा हिस्सा त्याचा. हातात दमडी नसलेल्या पण हिशेबाला पक्क्या तरुणाला चार यशस्वी फेऱ्या करून स्वतः भांडवल पुरवणारा होता येत होतं. व्हेनिस मोठं झालं ते यामुळे, असं माझं ठाम मत आहे. 960, 971 आणि 982 सालच्या सरकारी कागदांवर नोंदलेल्या नावांपैकी अनुक्रमे 69, 81 आणि 65 टक्के नावं त्या आधीच्या कागदांत सापडत नाहीत. इतकी नवी माणसं वर येत होती.

पैसा आला तसा सत्तेतही वाटा आला. 1032 मध्ये दोमेनिको फ्लाबानिको दोजे झाला, म्हणजे शहराचा तहहयात प्रमुख, आणि तिथून पुढे दोजेने मुलाला सहदोजे करून गादी घरात ठेवायची चाल संपली. 1172 नंतर महापरिषद उभी राहिली, दोजेची निवड ठरावीक मतदारांच्या हाती गेली. दोजेला पदावर येताना शपथपत्र द्यावं लागे, आणि प्रत्येक नव्या दोजेच्या शपथपत्रात त्याचे हात आणखी थोडे बांधले जात.

मग 1297. दोजे प्येत्रो ग्रादेनिगोच्या काळात ठराव झाला की मागच्या चार वर्षांत जे महापरिषदेत बसले असतील, त्यांनी चाळीसांच्या मंडळाची, म्हणजे शहराच्या वरिष्ठ न्यायमंडळाची, 12 मतं मिळवली की त्यांची जागा कायम. यालाच सेर्राता, म्हणजे दार बंद करणं, असं नाव पडलं. 1315 मध्ये पात्र लोकांची यादी झाली. 1323 पर्यंत बाप किंवा आजा परिषदेत बसला असेल तरच प्रवेश, इथवर गोष्ट आली. आणि 1324 मध्ये व्यापारावरच बंधन आलं: कर आकारणीत तुमची जेवढी मालमत्ता नोंदली असेल, तेवढ्याच रकमेचा माल परदेशी व्यापारात घालायचा. दुसऱ्याच्या भांडवलावर फिरणाऱ्या लिस्सादोसारख्याच्या मानेवर हा घाव होता. सरकारी व्यापारी गॅली, म्हणजे वल्ह्यांची लांब जहाजं, दरवर्षी लिलावात भाड्याने दिल्या जाऊ लागल्या, पण बोली लावायचा हक्क फक्त सरदार घराण्यांना.

ज्या शिडीने ही घराणी वर चढली, ती त्यांनी वर ओढून घेतली. शहर त्यानंतर दोन शतकं श्रीमंत राहिलं हे खरं, पण नवं काही घडवण्याची ताकद त्या पिढीबरोबर गेली.

दर्यावर्दी

पूर्ण असहमत. तुम्ही ठरावाचं नाव वाचलंत, आकडे पाहिले नाहीत.

1297 आधी महापरिषदेत चारशेच्या आसपास माणसं असत. ठरावानंतर पंधरा वर्षांच्या आत ती संख्या हजाराच्या वर गेली. दार लावण्याआधी ग्रादेनिगोने ते सताड उघडलं होतं, हे का सांगत नाही? त्याआधीची पद्धत बघा. दरवर्षी मूठभर निवडकर्ते बसायचे आणि पुढच्या वर्षी परिषदेत कोण ते ठरवायचे. यंदा ज्याचं निवडकर्त्यांशी बिनसलं तो बाहेर. इटलीतल्या दुसऱ्या शहरांत याच भांडणातून रस्त्यावर रक्त सांडत होतं. फ्लॉरेन्समध्ये हरलेल्या गटाची घरं पाडायची आणि माणसं हद्दपार करायची हा रिवाजच झाला होता. ग्रादेनिगोने या भीतीचं मूळ काढलं. वजनदार घरांपैकी जवळपास सगळ्यांना सांगितलं, तुमची जागा पक्की, आता एकमेकांचे गळे धरू नका.

जेनोआशी तुलना करा. तीच माणसं, तोच धंदा, काही बाबतींत जेनोआ पुढेच. 1277 मध्ये जेनोआची जहाजं जिब्राल्टर ओलांडून थेट फ्लँडर्सला पोचली होती, व्हेनिसच्या सरकारी गॅली तिथे जायला 1314 उजाडलं. पण राज्य म्हणून जेनोआने काय कमावलं? 1339 मध्ये त्यांनी आपला पहिला दोजे सिमोने बोक्कानेग्रा निवडला आणि पाचच वर्षांत त्याला पायउतार व्हावं लागलं. 1353 मध्ये शहर मिलानच्या व्हिस्कोंतींच्या पायाशी, 1396 मध्ये फ्रान्सच्या राजाच्या. व्हेनिसवर नेपोलियन येईपर्यंत, म्हणजे 1797 पर्यंत, परक्याचा अंमल एकदाही आला नाही. पाचशे वर्षं. ही उतरण म्हणायची तर चढण कशाला म्हणणार?

हिशेबनीस

@दर्यावर्दी, संख्या वाढली हे मान्यच आहे, त्यावर वाद नाही. प्रश्न हा की वाढीव सहाशे कोण होते. बहुतेक त्याच घराण्यांचे भाऊ, पुतणे, मुलगे, आणि त्यांच्या जोडीला थोडी बाहेरची घरं. खोली मोठी झाली, पण नंतर येणाऱ्याला किल्ली मिळाली नाही. 1297 मध्ये आत असलेल्यांसाठी तो ठराव उदार होता. 1330 मध्ये जन्मलेल्या गलबतवाल्याच्या मुलासाठी तो भिंत होता.

आणि शांतता म्हणता, तर ती कशी राखली तेही सांगा. 1300 मध्ये मारिन बोक्कोनिओ नावाच्या बिगर-सरदार माणसाने उठाव करायचा प्रयत्न केला, तो फासावर गेला. 1310 मध्ये बायामोन्ते त्येपोलोचा कट झाला आणि महिन्याभरात दहांचं मंडळ नेमलं गेलं. काही महिन्यांपुरतं म्हणून आलेलं ते मंडळ 1335 मध्ये कायमचं झालं. गुप्त चौकशी करणारं, अपील नसलेलं. ही शांतता धाकाची होती.

मीठमिरी

1310 चं उदाहरण तुमच्या बाजूने देऊ नका, ते उलट जातं.

बायामोन्ते त्येपोलो कुणी डावललेला माणूस नव्हता. त्याचा पणजोबा आणि आजोबा दोघेही दोजे. त्याच्याबरोबरचा मार्को क्वेरिनी जुन्या सरदार घराण्यातला, बादोएरही तसाच. भांडण पेटलं ते फेर्राराच्या युद्धावरून. ग्रादेनिगोने पो नदीच्या तोंडावरचं ते शहर घ्यायचा हट्ट धरला, पोप क्लेमेंट पाचव्याने 1309 मध्ये व्हेनिसला बहिष्कृत केलं, ठिकठिकाणी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा माल जप्त झाला, आणि शेवटी फेर्रारा हातचं गेलं. नुकसान झालेली सरदार घराणी चिडली. तो सरदारांचा सरदारांविरुद्ध उठाव होता.

आणि सामान्य माणसं कुणाच्या बाजूने उभी राहिली? 15 जूनच्या सकाळी पाऊस-वादळात क्वेरिनीची माणसं सान मार्को चौकात कापली गेली. त्येपोलोची तुकडी मेर्चेरियाच्या गल्लीतून येत होती, तेव्हा वरच्या खिडकीतून एका बाईने दगडी खल टाकला, तो निशाणधाऱ्याच्या डोक्यात बसला आणि तुकडी उधळली. त्या बाईने बक्षीस काय मागितलं, तर सणाच्या दिवशी खिडकीतून सान मार्कोचं निशाण लावायची परवानगी आणि घराचं भाडं कधी वाढू नये एवढंच. ही कथा शहराने शतकानुशतकं जपली. सान लुका चौकात बंडखोरांना हरवणाऱ्यांत रंगाऱ्यांच्या संघाची माणसं होती, असंही परंपरा सांगते. राज्य आपलं नाही असं वाटणारी माणसं राज्यासाठी असं रस्त्यावर येत नाहीत.

मुळात परिषदेत जागा नसणं म्हणजे शहरात काहीच नसणं, हे गृहीतकच चुकीचं आहे. सरदारांच्या खालोखाल मूळ नागरिकांचा वर्ग होता. राज्याचं सगळं दप्तर, लेखनिकांपासून मुख्य सचिवापर्यंत, हळूहळू त्यांच्यासाठीच राखीव झालं. स्कुओला नावाच्या मोठ्या धर्मादाय मंडळ्या त्यांच्या हातात, तिथे सरदाराला प्रमुख होता येत नसे. त्या मंडळ्या हुंडे देत, आजाऱ्यांना बघत, शहराच्या मिरवणुकांत मानाने चालत. गॅलीवरच्या साध्या वल्हेकऱ्यालाही आपल्याबरोबर ठरावीक वजनाचा माल बिनभाड्याने नेता येई. अलेक्झांड्रियात बोट लागली की तोही व्यापारी. तुम्ही म्हणता ती शिडी गेली नाही, तिच्या पायऱ्या वेगळ्या झाल्या.

हिशेबनीस

@मीठमिरी, वल्हेकऱ्याचं गाठोडं आणि कोलेगान्झा यांची बरोबरी होत नाही. गाठोड्यातून घरखर्च निघतो. कोलेगान्झातून लिस्सादोचा ओरेफिचे होत होता.

1310 सरदारांचंच भांडण होतं, तर 1355 घ्या. दोजे मारीन फालिएर स्वतः कटात, आणि त्याचे साथीदार कोण? आर्सेनालेतली, म्हणजे सरकारी जहाजगोदीतली, माणसं, दर्यावरचे लोक, ज्यांना तरुण सरदारांची अरेरावी सोसावी लागत होती. राज्याच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाला सरदारवर्गाविरुद्ध बाहेरच्यांची साथ सहज मिळावी, इतका राग साचला होता. त्याचं डोकं राजवाड्याच्या जिन्यावर उडवलं, आणि पुढे महापरिषदेच्या दालनात सगळ्या दोजेंच्या चित्रांत त्याच्या जागी काळं कापड रंगवलं गेलं. आजही ते तसंच आहे.

खारेपाणी

दोन्ही बाजू वाचल्या. वाईट वाटलं ते याचं की चार प्रतिसाद झाले तरी व्हेनिस ज्यात वसलंय त्या खाजणाच्या बाहेर कुणी पाऊल टाकलं नाही. व्हेनिसचं दार आतल्यांसाठी कधी बंद झालं यावर इतका खल, आणि ज्यांच्या जिवावर हा पैसा उभा राहिला त्यांचं नावही नाही?

1201 मध्ये दोजे एन्रिको दांदोलोने धर्मयोद्ध्यांशी करार केला. 33,500 माणसं आणि 4,500 घोडे समुद्रापार न्यायचे, मोबदला चांदीचे 85,000 मार्क. एक वर्ष शहराने दुसरा धंदा बाजूला ठेवून जहाजं बांधली. माणसं आली जेमतेम एक तृतीयांश, 34,000 मार्क थकले. मग थकबाकी फेडण्याचा मार्ग म्हणून आधी झारा लुटलं, ख्रिस्ती शहर, पोपची मनाई असताना. आणि एप्रिल 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल. तीन दिवस लूट. सान मार्कोच्या दर्शनी भागावर जे चार ब्राँझचे घोडे लोक कौतुकाने पाहतात, ते त्या लुटीतले. (सध्या बाहेर प्रतिकृती आहेत, मूळ घोडे आत हलवलेत.) ज्या बायझंटाईन साम्राज्याने 1082 मध्ये यांना जकातमाफी देऊन मोठं केलं, त्याच्याच राजधानीची ही गत. साम्राज्याचे तीन अष्टमांश व्हेनिसच्या वाट्याला आले. क्रीट बेट त्याच साली धर्मयोद्ध्यांचा पुढारी, मोंफेर्रातचा बोनिफाचो, याच्याकडून 1,000 मार्कांना विकत घेतलं. त्या बेटावर राहणाऱ्या ग्रीकांना या सौद्यात कुणी विचारलं नाही. त्यांची जमीन काढून व्हेनिसहून आणलेल्या वसाहतकऱ्यांना दिली, आणि पुढचं शतकभर बेट पुन्हा पुन्हा पेटत राहिलं.

हिशेबनीस यांचं कोलेगान्झावरचं प्रेम मला कळतं. पण त्या करारांतून विकत काय घेतलं जाई? मिरी, रेशीम, कापूस, आणि माणसंही. काळ्या समुद्राच्या टोकाला, अझोव्हच्या किनाऱ्यावर ताना नावाचं ठाणं होतं. तिथून तातार, चेर्केशियन, रशियन मुलंमुली जहाजांत भरली जात. व्हेनिसच्या सुखवस्तू घरात गुलाम बाई असणं ही मामुली बाब होती. मार्को पोलोने 1324 मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात पिएत्रो नावाच्या तातार गुलामाला मुक्त केल्याची नोंद आहे. त्या पिएत्रोसाठी 1297 च्या आधीचं व्हेनिस आणि नंतरचं व्हेनिस यांत काय फरक होता?

सुवर्णकाळ आणि उतरण हे शब्द वापरताना तो कुणाचा, हे आधी सांगावं लागतं. मला हा प्रश्न 1297 पेक्षा मोठा वाटतो.

हिशेबनीस

@खारेपाणी, तुमचा एकही शब्द खोडायचा नाही. पण तो वेगळा प्रश्न आहे, आणि दोन्ही प्रश्न एकाच वेळी खरे असू शकतात. शहर बाहेरच्यांशी क्रूर होतं, 1297 च्या आधी आणि नंतरही. मी विचारतोय की आत नव्या माणसाला वाव कधी संपला.

उलट 1204 मुळे माझा मुद्दा पक्का होतो. क्रीट आणि ग्रीसमधली मोदोन, कोरोन, नेग्रोपोंते ही ठाणी, एवढा पसारा सांभाळायचा तर कायमचं आरमार, किल्ले, अधिकारी, कर्ज हे सगळं आलं. 1262 मध्ये जुनी सक्तीची कर्जं एकत्र करून 5 टक्के व्याजाचे सरकारी रोखे केले ते याच ओझ्यामुळे. मोठ्या भांडवलाचं वजन वाढलं, आणि ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी पुढच्या दोन पिढ्यांत राज्यही आपल्याकडे ओढलं.

दर्यावर्दी

@खारेपाणी, क्रीटबद्दल एक भर. 1363 मध्ये क्रीटमध्ये जे मोठं बंड झालं, संत तितोच्या नावाचं, ते व्हेनिसच्याच वसाहतकऱ्यांनी केलं. ग्रादेनिगो आणि व्हेनिएर आडनावाची माणसं त्यात पुढे होती. राजधानीने बंदरासाठी नवा कर लादला हे निमित्त. ग्रीकांनाही त्यांनी सोबत घेतलं. पुढच्या वर्षी भाडोत्री फौज पाठवून ते मोडलं.

@हिशेबनीस, सरकारी गॅलींबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलं. बोली सरदारच लावत, बरोबर. पण बोली जिंकणाऱ्याला गॅली स्वतःच्या मालाने भरून निघून जाता येत नसे. भाड्याचे दर ठरलेले, निघायची तारीख सिनेट ठरवणार, थांबे ठरलेले, आणि व्यापाराचा हक्क असलेल्या कुणाही व्हेनेशियनाचा माल घ्यावाच लागे. ज्याची ऐपत चार पोती मिरीची, त्याला चाचे आणि जेनोआवाल्यांपासून तीच राखण मिळे जी मोठ्या पेढीला. एकट्यादुकट्या गलबतावर जाणाऱ्या लिस्सादोला 1073 मध्ये ही सोय नव्हती. आर्सेनाले सरकारी, गॅली सरकारी, संरक्षण सरकारी. लहान व्यापाऱ्याला याहून जास्त आधार त्या काळात युरोपातल्या कुठल्या शहराने दिला?

आणि दहाव्या शतकातल्या 69-81 टक्क्यांबद्दल. तो काळ व्हेनिसमध्ये आडनावं नुकती स्थिर होण्याचा आहे. नवं नाव दिसलं म्हणजे नवा माणूस वर आला असं सरळ समीकरण मांडता येत नाही. शिवाय तेव्हाची माणसं वर कशी येत? 976 मध्ये जमावाने राजवाड्याला आग लावली, दोजे प्येत्रो कांदियानो चौथा लहान मुलासकट मारला गेला, सान मार्कोचं चर्चही जळलं. सत्तेतली नावं बदलत होती कारण सत्तेतली माणसं मारली, आंधळी केली, मठात पाठवली जात होती. कोलेगान्झाचा यात किती हात?

टांकसाळ

माझा मुद्दा लहान आहे, पण आपल्या घराशी जोडलेला.

आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते. त्या पुतळीचं मूळ व्हेनिसचं डुकाट. 1284 मध्ये दोजे जोव्हान्नी दांदोलोच्या वेळी ते पहिल्यांदा पाडलं. एका बाजूला संत मार्ककडून निशाण घेणारा, गुडघे टेकलेला दोजे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं त्या काळात जेवढं शुद्ध करता येई तेवढं शुद्ध. मलबारच्या मिरीच्या बदल्यात देण्याजोगा माल युरोपाकडे फारसा नव्हता, त्यामुळे अलेक्झांड्रियामार्गे सोनं-चांदी पूर्वेकडे वाहत राहिली. ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर पोचली, लोकांनी पारखली, आणि बाईच्या गळ्यात जाण्याइतका त्यांच्यावर विश्वास बसला. सोनारांनी पुढे त्यांच्या नकला पाडल्या त्याही तशाच मानवाकृतींच्या.

1797 पर्यंत त्या नाण्याचं वजन आणि कस ढळला नाही. पाचशे वर्षं! त्या काळात फ्रान्सच्या राजांनी किती वेळा नाण्यात भेसळ केली बघा. राजाला युद्धासाठी पैसा लागला की तो नाणं पातळ करतो. व्यापाऱ्यांची बंद, स्थिर परिषद तसं करत नाही, कारण नाणं बुडालं तर परिषदेत बसलेल्या प्रत्येकाची पेढी बुडते. मला तरी हे सेर्राताच्या बाजूचं सगळ्यात ठोस सोन्याचं प्रमाण वाटतं.

हिशेबनीस

@टांकसाळ, फार आवडला हा प्रतिसाद. पण तारीख तुम्हीच दिलीत: 1284. दार बंद व्हायच्या तेरा वर्षं आधी. ते नाणं मोकळ्या व्हेनिसचं अपत्य आहे. आणि कस राखायला बंद परिषद लागते असं नाही. फ्लॉरेन्सचा फ्लोरिन 1252 चा, त्याचंही सोनं शतकानुशतकं चोख राहिलं, आणि तिथल्या राजकारणात तर दर पिढीला उलथापालथ. नाणं चोख राहतं ते व्यापाऱ्यांच्या हातात राज्य असल्यामुळे. ते व्यापारी मोजकी ठरलेली घराणी असावीत ही अट त्यात नाही.

वावटळ

महामारीचं काय? 1348 मध्ये लाखाच्या आसपास वस्तीच्या या शहरातली निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं गेली. त्याआधी पूर्ण नागरिकत्वासाठी, म्हणजे परदेशी व्यापाराच्या हक्कासकट, 25 वर्षांचं वास्तव्य लागत असे. महामारीनंतर बाहेरून कारागीर आणि खलाशी यावेत म्हणून शहरांतर्गत नागरिकत्वाच्या अटी झपाट्याने सैल केल्या. दार कायमचं बंद होतं असं म्हणणं मला पटत नाही.

हिशेबनीस

@वावटळ, कुठलं दार ते पाहा. हात हवे होते तेव्हा राहण्याचं आणि काम करण्याचं दार उघडलं. परिषदेचं दार निम्मं शहर मेलं तरी उघडलं नाही.

ते एकदाच उघडलं, 1381 मध्ये. 1379 च्या ऑगस्टमध्ये जेनोआने खाजणाच्या दक्षिण टोकाचं किओज्जा घेतलं, शत्रू खाजणाच्या आत आला. पराभवाबद्दल तुरुंगात टाकलेल्या आरमारप्रमुख वेत्तोर पिसानीला सोडा, त्याच्याशिवाय आम्ही गॅलीवर चढणार नाही, असं खलाशांनी सांगितलं आणि सरकारला नमावं लागलं. माणसं, पैसा, जहाजं शहराने दिली. जून 1380 मध्ये जेनोआवाले शरण आले. त्या युद्धात भरघोस मदत करणाऱ्या 30 घरांना सरदारकी मिळाली. तीस! आणि त्यानंतर पुन्हा दार उघडलं ते 1646 मध्ये, क्रीटच्या युद्धासाठी तिजोरी रिकामी झाली तेव्हा, एक लाख डुकाटांना एक जागा या हिशेबाने. अडीचशेहून जास्त वर्षं एकही नवं घर लायक नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसेल?

खारेपाणी

पिसानीची सुटका करणारे तेच खलाशी, युद्ध संपल्यावर कुठल्या यादीत आले? तीस घरांत त्यांचं एकही नव्हतं. ज्यांनी पैसा दिला ती घरं आली. माझा मुद्दा हाच होता.

मीठमिरी

हिशेबनीस, आता मूळ दाव्याकडे येऊ या. तुम्ही म्हणता 1297 पासून उतरण. उतरणीची काही खूण दिसायला हवी ना?

1423 मध्ये दोजे तोम्मासो मोचेनिगोने मरणशय्येवर शहराचा हिशेब मांडला, तो आपल्यापर्यंत आला आहे. लहान जहाजं 3,000, त्यांवर 17,000 खलाशी. मोठी जहाजं 300, त्यांवर 8,000. गॅली 45, त्यांवर 11,000. दरवर्षी व्यापारात फिरणारं भांडवल एक कोटी डुकाट. त्याच्या कारकिर्दीत सार्वजनिक कर्ज एक कोटीवरून साठ लाखांवर आणलेलं. या आकड्यांवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, थोडी बढाई धरून चालू. पण निम्मे केले तरी ते 1297 च्या व्हेनिसपेक्षा मोठं शहर आहे. दार बंद झाल्यावर 126 वर्षांनी. जी उतरण सव्वाशे वर्षं चढतच राहते ती कारण म्हणून कशी मानायची?

आणि कोलेगान्झा कमी झाली ती सेर्रातामुळे, हा तुमच्या मांडणीचा कणा आहे. तो मोडतो, कारण जेनोआतही तीच भागीदारी, वेगळ्या नावाने, चौदाव्या-पंधराव्या शतकात मागे पडली. तिथे 1297 सारखा कायदा नव्हता. तिथल्या परिषदेवर तर नवी माणसं सतत चढत-उतरत होती. मग ती का गेली? कारण व्यापारी स्वतः फिरायचा थांबला. अलेक्झांड्रिया, बैरूत, ब्रूजमध्ये कायमचे अडते बसले, टक्केवारीवर माल घेऊ-विकू लागले. हुंड्या आल्या, दुहेरी नोंदीचे हिशेब आले, गॅलीबरोबर नियमित पत्रं जाऊ लागली. रिआल्तोवर बसून सीरियातल्या कापसाचा सौदा करता येऊ लागल्यावर दर फेरीला नवा फिरता भागीदार कशाला शोधायचा? लिस्सादोची शिडी कुणी ओढून घेतली नाही. माल ज्या रस्त्याने जात होता तो रस्ताच बदलला.

हिशेबनीस

@मीठमिरी, हा आतापर्यंतचा सगळ्यात दमदार आक्षेप आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अडते आले, हुंड्या आल्या, मान्य. पण अडत्याच्या धंद्यात शिरायला काय लागे? ओळख, नातं, पत. व्हेनिसमध्ये हे सगळं भावाभावांच्या एकत्र पेढीत, फ्रातेर्नात, बांधलेलं. अलेक्झांड्रियात बसलेला अडत्या बहुधा कुणाचा तरी धाकटा भाऊ किंवा भाचा असे. कोलेगान्झात दोन अनोळखी माणसं नोटरीसमोर उभी राहून भागीदार होत होती. तंत्र बदललं म्हणून ते गेलं असेल, पण त्याच्या जागी जे आलं ते घराण्यांच्या आतच का राहिलं, याचं उत्तर तंत्रात सापडत नाही. ते परिषदेच्या यादीत सापडतं.

मोचेनिगोच्या आकड्यांबद्दल: शहर श्रीमंत होतं, होय. पण त्याच भाषणात तो कशासाठी जीव तोडून सांगतोय? फ्रान्चेस्को फोस्कारीला दोजे करू नका, तो तुम्हाला मुख्य भूमीवरच्या युद्धांत ओढेल. परिषदेने फोस्कारीलाच निवडलं आणि पुढची तीस वर्षं मिलानशी लढण्यात गेली. ज्या वर्गाच्या खुर्च्या पिढीजात पक्क्या झाल्या, त्यांचं मन दर्यावरून जमिनीकडे, गव्हर्नरीकडे, मळ्यांकडे वळलं. सगळ्यांना एका वर्षात वळवणारी घटना मी शोधत नाही. ज्याला नव्याने काही कमवायचं आहे त्याचा आवाज सभागृहात नसला की असे निर्णय होतात, एवढंच मांडतो.

दर्यावर्दी

मुख्य भूमीकडे वळणं हा हव्यास होता असं मला वाटत नाही. शहरात ना शेत, ना लाकूड, ना गोडं पाणी पुरेसं. आल्प्सकडे जाणारा प्रत्येक रस्ता दुसऱ्याच्या हातात. पाडुआवर राज्य करणाऱ्या कार्रारा घराण्याने किओज्जाच्या युद्धात जेनोआला साथ देऊन नाकेबंदी केली, तेव्हाच कळलं की मागची बाजू मोकळी सोडून समुद्रावर राज्य करता येत नाही. 1405 मध्ये पाडुआ आणि वेरोना घेतलं ते याच धड्यातून. उद्या परिषदेत तुमचे शंभर लिस्सादो बसलेले असते, तरी त्यांनी हेच केलं असतं. जर्मनांच्या वखारीत, रिआल्तोच्या पुलाजवळ, उत्तरेतून चांदी आणि तांबं घेऊन येणारे व्यापारी त्याच रस्त्यांनी येत होते.

आणि 1324 चा कायदा. तुम्ही त्याला मानेवरचा घाव म्हणालात, पण तो वाटतो तसा एकाच बाजूला रोखलेला नव्हता. बंधन सरदारालाही होतं. परक्यांचं भांडवल व्हेनेशियन नावाखाली शिरवायची वाट त्याने अडवली, आणि ऐपतीपलीकडे उडी घेणाऱ्यांनाही लगाम घातला. मुख्य म्हणजे तो सलग लागू राहिलाच नाही. व्यापार मंदावला की उठवला, नंतर पुन्हा आणला. शिडी जाणूनबुजून काढून घेणाऱ्या वर्गाने आपलंच हत्यार असं वारंवार खाली ठेवलं असतं का, याचं उत्तर द्या.

हिशेबनीस

@दर्यावर्दी, उठवला तो केव्हा, ते तुम्हीच लिहिलंत: व्यापार मंदावला की. बाहेरचा पैसा आणि बाहेरची माणसं नडीला लागली की बंधन सैल, गरज सरली की पुन्हा घट्ट. 1348 नंतर कारागिरांच्या बाबतीत तेच, 1381 मध्ये तीस घरांच्या बाबतीत तेच. ज्याच्या हातात कडी आहे तोच दार असं हवं तेव्हा उघडतो आणि लावतो. 1297 च्या आधी ती कडी एका यादीच्या हातात नव्हती.

मीठमिरी

होती. दरवर्षी बदलणाऱ्या मूठभर निवडकर्त्यांच्या हातात होती, आणि त्यांना जाब विचारायला कुणीच नव्हतं.